पिवळ्या वायरी आणि अडीचचा फोन

बीबीच्या बसथांब्यावरून मेहकरच्या अंगाला दोनशे पावलं चाललं की पंक्चरवाल्याला लागून निळ्या पत्र्याचं एक दुकान आहे. पाटीवर लिहिलंय, ‘प्रेम ऑटो इलेक्ट्रिक’. नवं गिऱ्हाईक गाडी लावतं, आत डोकावतं आणि विचारतं, “मिस्त्री कुठं गेले?” ड्रेसवर पुरुषी शर्ट चढवलेली एक बाई स्टुलावरून उठते आणि म्हणते, “बोला, काय झालं गाडीले?” गिऱ्हाईक पुन्हा विचारतं, “नाही, मिस्त्री?” मग ती हातातला पेचकस खिशात टाकत सांगते, “ते मस्कतले हायेत. गाडी मीच पाह्यते.”

ती छाया. माहेर उंद्रीचं, वांगी-टमाट्याच्या वाफ्यांमध्ये वाढलेली. लग्न होऊन बीबीला आली तेव्हा गाडीतल्या वायरींशी तिचा संबंध एवढाच, की प्रेम डॅशबोर्डखाली उताणा पडून काम करायचा आणि ही टॉर्च धरून उभी राहायची. टॉर्च नीट धरायलाही अक्कल लागते. मिस्त्रीचा हात कुठं जाणार ते आधी ओळखून उजेड तिथं न्यावा लागतो. प्रेम म्हणायचा, “तुह्यासारखा उजेड कोणी धरत नाही बे.” दोस्ताला म्हणावं तसं बायकोला ‘बे’ म्हणतो म्हणून त्याची आई झुंबरबाई त्याला रागवायची, आणि छायाला मात्र ते ऐकून आतून गुदगुल्या व्हायच्या.

मेहकरच्या हिंमतराव मिस्त्रींकडे प्रेमनं हे काम उचललं होतं. हात हुशार होता. पण हळूहळू दारात येणाऱ्या गाड्या बदलल्या. जिथं चार वायरी असायच्या तिथं चाळीस आल्या आणि प्रत्येक कोपऱ्यात एक पेटी बसली. प्रेमला ते सलायला लागलं. तेवढ्यात ओळखीच्या एकानं मस्कतच्या एका वर्कशॉपातली जागा सांगितली. “दोन वर्षं,” प्रेम म्हणाला होता. “नव्या गाड्यायचं काम शिकून येतो, मंग पाह्य आपलं दुकान.” मुलगी डिंपल तेव्हा दोन वर्षांची होती. आता ती चौथीत आहे. मधल्या सात वर्षांत तो एकदाच आला, चाळीस दिवसांसाठी. त्यातले पहिले आठ दिवस डिंपल त्याच्याशी बोलायची वेळ आली की आजीच्या मागं लपायची. फोनमधले पप्पा तिच्या ओळखीचे होते, दारातले नव्हते.

दुकान आधी बंदच होतं. मग एक दिवस गावातल्या कोणाच्या तरी ट्रॅक्टरचा दिवा लागेना म्हणून छायानं कुलूप काढलं, प्रेमला फोन लावला आणि तो सांगेल तशा वायरी तपासल्या. दिवा लागला. दुसऱ्या दिवशी हॉर्न आला, तिसऱ्या दिवशी कोणाचा वायपर. मस्कतचं घड्याळ आपल्याहून दीड तास मागं. त्याची जेवणाची सुट्टी एक वाजता, म्हणजे इथं अडीच. अडीचला छाया फोन बॉनेटवर टेकवायची, पडद्यावर प्रेमचा घामेजलेला चेहरा यायचा आणि शिकवणी सुरू व्हायची.

तिथं त्याला एअरबॅगच्या कामावर घेतलं होतं. एखाद्याला नवं गाणं लागावं तसं ते काम त्याच्या तोंडी बसलं होतं.

“चावी फिरवली का लाल चित्र येते पाह्य, बसेल माणूस अन् त्याच्यापुढं गोल फुगा. पाच-सहा सेकंद राह्यते अन् जाते. तेवढ्यात गिअरपाशी बसवेल पेटी समद्यायची हजेरी घेते. बंपरमागचे सेन्सर, स्टेअरिंगमधला फुगा, पट्टा आवळायचं यंत्र. समदे हजर असले तं दिवा जाते. एकजण बी बोलला नाही का दिवा तसाच लागून राह्यते. मंग समजाचं, ठोकर बसली तं फुगा उघडीन याचा भरोसा नाही.”

“अन् चावी फिरवली तरी दिवा आलाच नाही तं?” छायानं विचारलं.

प्रेम खूश झाला. “वा! हे विचारलं पाह्य तू! तं ते त्याच्याहून वाईट. म्हणजे सांगणाराच मुका झाला.”

फुगा पापणी लवायच्या आत उघडतो आणि लगेच मागच्या भोकांतून रिकामा होतो, म्हणून माणूस त्याच्यावर आपटतो पण अडकत नाही. पट्टा लावलेला नसेल तर मात्र माणूस आधीच पुढं फेकला जातो आणि फुगाच त्याच्या तोंडावर बसतो. या फुग्याच्या वायरींचे जोड पिवळे असतात, आणि पिवळं दिसलं की हात आवरायचा. आपला नेहमीचा मीटर त्या फुग्याला लावायचा नाही, मीटरमधल्या इवल्याशा करंटानंही तो फुटू शकतो. काम करण्याआधी बॅटरीची मायनस काढायची आणि थांबायचं, कारण ती पेटी स्वतःपाशी थोडा करंट राखून ठेवते. ठोकरेत बॅटरी तुटली तरी फुगा उघडला पाहिजे ना!

“किती थांबायचं?”

“कंपनीच्या पुस्तकात लिहेल राह्यते. आपण चांगले दहा मिनिटं थांबाचं.”

ती दहा मिनिटं छायाला फार आवडायची. तेवढ्या वेळात वायरींबद्दल बोलण्यासारखं काही नसायचं. मग प्रेम समुद्राबद्दल सांगायचा, खोलीतल्या माणसांच्या घोरण्याबद्दल सांगायचा, तिथं पाऊस पडला तर लोक गाड्या काढून बघायला जातात ते सांगायचा. ती सांगायची डिंपलचा पडलेला दात, झुंबरबाईंचा गुडघा, तुरीला आलेला फुलोरा. दहा मिनिटं झाली की कामाचं बोलणं यायचं आणि त्याची सुट्टी संपायची.

तो जाऊन अडीच वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. साखरखेर्ड्याचे उकंडराव म्हणून भाजीचे व्यापारी आपली जुनी कार घेऊन आले. एअरबॅगचा दिवा महिनाभर जळत होता. छायानं सकाळपासून शोधलं. पेटीत नोंदलेला बिघाड वाचून दाखवणारा स्कॅनर तिच्याकडं नव्हता. अडीचला फोन लावला तर प्रेमनं उचलला नाही, त्या दिवशी वर्कशॉपात तपासणी होती. उकंडरावांना दुसऱ्या दिवशी सोयरिकीला जायचं होतं आणि ते घटकेघटकेला आत येऊन विचारत होते, “झालं का पोरी?”

“दादा, फॉल्ट सापडून नाही राह्यला.”

“मंग फॉल्ट राहू दे, दिवा बुजव. माही घरवाली त्या लाल दिव्याले भेते. कोणी पाहुणा बसला का विचारते, गाडी बिघडेल हाये काय?”

छायाला ‘येत नाही’ म्हणायची लाज वाटली. बाईमाणसाच्या दुकानातून गाडी तशीच परत गेली, हे बीबीत संध्याकाळपर्यंत पसरलं असतं. तिनं मीटरबोर्ड उघडला आणि त्या दिव्याची वायर काढून शेजारच्या ऑइलच्या दिव्याला जोडून दिली. आता चावी फिरवली की दोन्ही दिवे लागायचे आणि इंजन सुरू झालं की दोन्ही जायचे. बघणाऱ्याला वाटावं, गाडी अगदी धडधाकट. उकंडराव खूश होऊन गेले.

दुसऱ्या दिवशी तिनं ही युक्ती प्रेमला सांगितली. खरं तर थोडं कौतुक होईल असं वाटलं होतं.

प्रेमनं हातातला घास डब्यात ठेवला. “काऊन केलं असं?”

“त्याइनंच म्हटलं...”

“ते म्हणतीन. त्याइले काय मालूम? त्या पेटीले बोलाले तेवढं एकच तोंड हाये छाया, अन् तू ते शिवलं. आता तो माणूस बायको-लेकरं घेऊन बेफिकीर गाडी चालवीन.” त्यानं फोन ठेवला.

त्या दुपारनंतर चार दिवस फोन आला नाही. तिनं लावला तर वाजून वाजून बंद व्हायचा. अडीच वाजले की ती दुकानातल्या स्टुलावर बसायची आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या काचेतून आत बघायची. पुढं बसलेली बाई, तिच्या मांडीवरचं लेकरू. तो रागावला याचं वाईट वाटत होतंच. त्याहून जास्त छळत होतं ते हे, की तो इथं असता तर रागावून पाच मिनिटांत त्यानं टॉर्च मागितली असती. सहाशे कोसांवरून रागावणाऱ्या माणसाला टॉर्च तरी कशी धरावी?

पाचव्या दिवशी सकाळी तिनं झुंबरबाईंना सांगितलं, “आत्याबाई, डिंपलले पाह्यजा. मी मेहकरले जाऊन येते.” मेहकरात हिंमतरावांकडं गेली आणि काय केलं ते न लपवता सांगितलं. म्हातारा कितीतरी वेळ सुपारी कातरत राहिला. मग आतून स्कॅनर आणला, जुन्या गाड्यांतून काढलेल्या पिवळ्या जोडांचा एक डबा त्यावर ठेवला आणि एवढंच म्हणाला, “दिवा पह्यले जागेवर लावजो. बाकी मंग.”

साखरखेर्ड्याची एसटी धरून ती उकंडरावांच्या दारात पोचली तेव्हा गाडी घरी नव्हती. उकंडराव सुनेला आणायला चिखलीला गेले होते. त्यांची बायको शालूबाई ओसरीवर मेथी निवडत होती. कोण कुठली विचारून तिनं आधी पाणी दिलं, मग भाकरी वाढली. छाया भाकरी हातात घेऊन ओसरीच्या कडेला बसली. ती सारखी रस्त्याकडं बघत होती. ते दोन तासांचं वाट पाहणं तिला सात जन्मांचं वाटलं. शेवटी गाडी आली. पुढच्या सीटवर सून, तिच्या मांडीवर तीन महिन्यांचं बाळ, आणि पट्टा कोणालाच नाही.

छायानं सगळं सांगितलं. उकंडरावांचा चेहरा बदलत गेला.

“म्हणजे तू मले फसवलं?”

“हाव दादा. तुमी म्हटलं होतं दिवा बुजव, पण हात माहा होता. फॉल्ट तसाच हाये. आज मी तो काढूनच जाईन.”

“अन् नाही निघाला तं?”

“तं दिवा लागेल ठेवून जाईन. पण खोटा दिवा ठेवून जाणार नाही.”

उकंडराव आणखी काही बोलणार होते, तेवढ्यात शालूबाई सुनेच्या हातातून बाळ घेत म्हणाली, “खोल वं बाई तू गाडी. हे बोलत राह्यतीन.”

छायानं दिव्याची वायर मूळ जागी लावली आणि चावी फिरवली. लाल चित्र आलं आणि राहिलं. “हे पाह्य, लावून देला ना परत!” उकंडराव कपाळाला हात लावून म्हणाले. तिनं स्कॅनर जोडला. पडद्यावर आलं, ड्रायव्हरच्या बाजूला पट्टा आवळणाऱ्या यंत्राच्या सर्किटात अडथळा जास्त. आता निदान कुठं बघायचं ते कळलं. बॅटरीची मायनस काढली, दहा मिनिटं ओसरीच्या पायरीवर गप्प बसली आणि मग सीटखाली हात घातला. हाताला लागला तराजू, त्याच्यामागं वजनमापांची पिशवी आणि त्याच्याही मागं मेथीच्या जुडीची कुजकी देठं. भाजीचं पाणी झिरपून पिवळ्या जोडाची एक पिन हिरवी पडली होती, आणि वजनांच्या पिशवीनं जोड अर्धवट उपसला होता. बीबीत तिनं स्टेअरिंग तपासलं, पेटी तपासली, बंपर तपासला. सीटखालचं सामान मात्र ‘त्याइचं हाये, कायले हात लावाचा’ म्हणून तसंच ठेवलं होतं.

डब्यातला जोड बसवला. टक्क असा आवाज येईपर्यंत दाबला, वायर सीटच्या पट्टीपासून दूर बांधली, बॅटरी जोडली, स्कॅनरनं जुनी नोंद पुसली. चावी फिरवली. दिवा आला. सगळे वाकून बघत होते. एक, दोन, तीन, चार, पाच... गेला. इंजन सुरू व्हायच्या आधी, आपणहून गेला.

निघताना तिनं सुनेला सांगितलं, “बाळाले घेऊन पुढं बसत जाऊ नको माय. फुगा जोरात येते, मांडीवरच्या लेकराले तो सोसत नाही. मागं बसत जाय, अन् पट्टा लाव.” उकंडरावांनी तराजू उचलून डिकीत टाकला आणि तिला एसटीपर्यंत त्याच गाडीतून सोडलं. दोघांनीही पट्टे लावले होते.

दुसऱ्या दिवशी अडीचला फोन वाजला. छाया म्हणाली, “काढला फॉल्ट. सीटखालचा जोड होता.”

“कोणती पिन?” त्यानं विचारलं. तिनं सांगितली, तसा तो म्हणाला, “छाया, मी तुह्यावर नव्हतो रागावलो चार दिवस. पह्यला एक दिवस रागावलो. मंग मले माहीच लाज वाटली. तुले एकटं टाकून इथं बसलो मी, अन् वरून शिकवतो.”

ती म्हणाली, “जेवून घ्या. सुट्टी संपन.”

त्यानंतर छायाचं नाव झालं. महामार्गावरून उतरणाऱ्या गाड्या विचारत विचारत यायला लागल्या. तिनं स्वतःचा स्कॅनर घेतला. स्टेअरिंगच्या पोटातली वायरींची गुंडाळलेली पट्टी तुटली की हॉर्न आणि फुगा दोन्ही एकदम गप्प होतात, पुरात बुडालेल्या गाडीची पेटी बदलल्याशिवाय गत्यंतर नाही, सीटकव्हर चुकीचं शिवलं तर सीटमधला फुगा अडतो, हे सगळं तिला तोंडपाठ झालं. आता प्रेमला विचारण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

पण ती विचारायची. सकाळी अकराला सापडलेला फॉल्ट ती अडीचपर्यंत राखून ठेवायची. गिऱ्हाइकाला सांगायची, “चहा पिऊन या भाऊ, वेळ लागीन.” अडीचला चेहरा पाडून फोनला म्हणायची, “अवो, समजून नाही राह्यलं. दिवा काऊन लागून राह्यला?” आणि तो समजावून सांगायला लागला की त्याच्या कपाळावरच्या आठ्यांकडं, कानाजवळ पांढऱ्या होत चाललेल्या केसांकडं बघत राहायची. न विचारता नुसता फोन करायला काय हरकत होती? ते तिलाही सांगता आलं नसतं. एवढ्या लांबच्या माणसाला ‘उगीच केला’ म्हणायला तिची जीभ रेटत नसे. कामाचं निमित्त असलं की उजळ माथ्यानं बघता यायचं.

यंदाच्या श्रावणात एक गंमत तिच्या ध्यानात आली. ती प्रश्न विचारायची आणि प्रेम म्हणायचा, “उद्या सांगतो.” आधी असं कधी होत नसे. पहिल्यांदा तिला वाटलं घाईत असेल. तिसऱ्यांदा झालं तेव्हा तिनं सरळ विचारलं.

“तुमाले येत नाही काय?”

प्रेम हसला. ते हसू लगेच विझलं. त्यानं फोन जरा दूर धरला. मागं गाड्या नव्हत्या. लोखंडी मांडण्या होत्या, त्यांवर खोके होते.

“मले दोन वर्षं झाले छाया, स्टोअरमधी टाकून. नवा साहेब आला, त्याले डिप्लोमावाले पोरं पाह्यजे होते. मी पार्टच्या चिठ्ठ्या फाडतो. तुह्या प्रश्नाचं उत्तर जेवणाच्या टायमाले बाजूले बसेल जोसेफले हळूच विचारतो. केरळचा पोरगा हाये. आता तो सुट्टीवर गेला, रात्री त्याले फोन करून विचारतो, म्हणून मले उद्या म्हणाव लागते.”

“मंग सांगतलं काऊन नाही?”

“तू विचारणं बंद केलं असतं.”

छाया बॉनेटला टेकून उभी होती. समोरच्या गाडीचा फॉल्ट तिनं सकाळी साडेदहालाच काढला होता.

“मले बी समदे उत्तरं येत होते,” ती म्हणाली. “लय दिवसापासून.”

आधी त्याला कळलं नाही. मग कळलं, तेव्हा त्यानं मान खाली घातली आणि वर केली तेव्हा डोळे लाल होते. “मंग आपण दोन वर्षं काय करून राह्यलो बे?”

“बोलून राह्यलो,” छाया म्हणाली. आणि सात वर्षांत जे एकदाही तोंडातून बाहेर पडलं नव्हतं, ते तिनं म्हटलं. “आता या. शिकणं झालं. तुमचं बी झालं अन् माहं बी. मले उजेड धराले कोणी नाही, मोबाईल दातात धरून काम करते मी. या.”

त्यानं त्याच आठवड्यात नोकरी सोडायचा अर्ज दिला. येणं मात्र अर्ज देण्याइतकं सोपं नव्हतं. कंपनीनं सांगितलं, बदली माणूस येईपर्यंत थांब. दसऱ्याला येणार होता तो दिवाळीवर गेला. दिवाळीत डिंपलनं दारात काढलेली रांगोळी फोनवर दाखवली आणि तो म्हणाला, संक्रांतीला नक्की. छायानं ‘बरं’ म्हटलं. आता ती कामाचं काही विचारत नाही. अडीचला फोन लावते, बॉनेटवर टेकवते आणि दोघं जेवतात. कधी कधी पंधरा-पंधरा मिनिटं कोणी काही बोलत नाही. तरी फोन ठेवला की दुकान एकदम मोठं वाटायला लागतं.

परवा ती घरी आली तेव्हा झुंबरबाई चुलीपुढं बसून तुरीच्या शेंगा उकडत होती.

“काय म्हणे माहा पोरगा?”

“येतो म्हणे संक्रांतीले.”

“मांगच्या बारीनं बी असंच म्हणे.”

“हाव आत्याबाई. पण या बारीनं त्याइनं सामान विकलं. कुकर अन् गादी, दोन्ही खोलीतल्या एकानं घेतले.”

झुंबरबाईचा हात शेंगांवरच थांबला. चेहऱ्यावर काहीतरी उजळलं आणि लगेच काळजीनं झाकलं गेलं.

“बाई वं! मंग आता निजते कायच्यावर माहं लेकरू?”

छायाला हे विचारायचं सुचलंच नव्हतं.